दवाखाना कोणाचा?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव-समितीने ‘आपल्या दवाखान्याची हकीकत’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु हकीकत सांगावयाची म्हणजे आपल्या चुकाही सांगाव्या लागतात, आणि उत्सवाच्या प्रसंगी चुकांचा पाढा वाचणे कितपत शोभेल, अशी आमच्या मनात शंका होती. फादरसाहेबांस विचारले असता ते म्हणाले, “स्तुती करावयास पाहुणे येणारच आहेत, तुम्ही खरे ते सांगा.” तेव्हा ह्या बोलण्यात काही कडू निघालेच, तर त्याचा निम्मा दोष त्यांच्याकडे जातो हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

शहराच्या कडेला, डांबरी रस्ता संपून उसाचे मळे सुरू होतात तेथे, फासेपारध्यांची साठसत्तर झोपड्यांची वस्ती आहे हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. चौकात फुगे विकणारी मुले, भंगार वेचणाऱ्या बाया आपण रोज पाहतो; त्या रात्री कोठे जातात हे मात्र फार थोडे जण पाहतात. आदिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गडचिरोलीचे किंवा नंदुरबारचे रान उभे राहते. कोल्हापूर जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे अनुसूचित जमातींचे लोक शेकडा एकाहूनही कमी. त्यामुळे येथे आदिवासी नाहीतच, अशी आपली सोयीस्कर समजूत होऊन बसली आहे. परंतु फासेपारधी ही महाराष्ट्रातील अनुसूचित जमातच आहे. आदिवासींच्या आरोग्याचा विचार करण्याकरिता भारत सरकारने नेमलेल्या, डॉ. अभय बंग ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ साली जो अहवाल दिला, त्यात देशातील निम्म्याहून अधिक आदिवासी लोक आदिवासी-बहुल भागांच्या बाहेर राहतात असे दाखविले आहे. सरकारच्या बहुतेक योजना मात्र रानात जातात. शहरात आलेला आदिवासी रानाच्याही हिशेबातून सुटतो आणि शहराच्याही.

आमचा दवाखाना सुरू झाला तो ह्याच आवारातील एका खोलीत. रविवारी मिस्सा झाल्यावर दोन तास, आणि बुधवारी दुपारी. औषधे फुकट, तपासणी फुकट, सिस्टरांचे गोड बोलणे फुकट. दारात एक टेबल, टेबलावर एक जाड वही. आलेल्याचे नाव, बापाचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, कोठून आला, किती दिवस राहणार, हे सर्व त्या वहीत व्यवस्थित लिहून घ्यावयाचे. वहीचे रकाने आम्ही स्वतः तांबड्या शाईने आखले होते आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. पहिल्या सहा महिन्यांत वस्तीतून जे आले ते बोटांवर मोजण्यासारखे होते. आम्ही आपसांत म्हणू लागलो की, हे लोक अडाणी आहेत, ह्यांस आरोग्याची किंमत नाही, ह्यांची अंगारेधुपाऱ्यांवरच भिस्त. हे बोलणे आज आठवले म्हणजे मान खाली जाते.

एके दिवशी एक म्हातारी नातवाला पाठुंगळी घेऊन आली. पोराच्या अंगात ताप फणफणत होता. आम्ही वही उघडून नाव विचारले, बापाचे नाव विचारले, कोठून आलीस म्हणून विचारले. ती गप्पच. मग वहीकडे बोट दाखवून म्हणाली, “डाक्तरीणबाई, हजेरी घ्याय लागलाय व्हय?” आणि पोराला घेऊन तशीच माघारी वळली. सिस्टर मागून धावत गेल्या म्हणून ते पोर औषध घेऊन गेले.

‘हजेरी’ हा शब्द आमच्या कानाला शाळेतला वाटला. तिच्या कानाला तो तसा नव्हता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा म्हणून एक कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याचा फास सर्व देशभर आवळला. ज्या जमातीचे नाव त्या यादीत चढले, तिच्यात जन्मास आलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. नावे नोंदवावयाची, ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. पारध्यांवर हे ओझे कित्येक वर्षे होते. सोलापुरास तर अशा लोकांकरिता तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. कागदावरून तो गेला, पण पोलीसपाटलाच्या डोळ्यांतून आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यातून गेला नाही; आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी ती हजेरी दिली, त्यांच्या मनातून तो जाणार कसा?

ह्या करवीर नगरीत ही गोष्ट कोणी उमजली नव्हती असे नव्हे. शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड ह्या जातींवरील हजेरीची सक्ती उठविली. फासेपारध्यांच्या बाबतीत तुरुंगाऐवजी काम आणि निवारा देण्याचे धोरण त्यांनी ठेविले. आणि गंगाराम कांबळे ह्यांची गोष्ट तर कोल्हापुरात शाळेतले पोरही सांगेल. पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल ह्या गृहस्थांस मार खावा लागला. महाराजांनी त्यांस स्वतंत्र धंदा काढण्यास साह्य केले, आणि भाऊसिंगजी रस्त्यावरील त्यांच्या हॉटेलात जाऊन स्वतः चहा घेतला. ह्या गोष्टीतील महाराजांच्या औदार्याचे वर्णन आम्ही पुष्कळदा ऐकले व स्वतःही केले आहे. परंतु हॉटेल गंगारामांचे होते, गल्ल्यावर गंगाराम बसत होते आणि छत्रपती तेथे गिऱ्हाईक म्हणून गेले होते, ही त्या गोष्टीतील मुख्य बाब आहे, हे त्या म्हातारीने पाठ फिरविल्यावर आमच्या ध्यानात आले. गाडी उशिरा आली, पण आली.

तरीही लगेच शहाणपण सुचले असे नाही. वही टेबलावरून काढून आत कपाटात ठेविली, एवढेच केले. आणि मग ती दुसरी गोष्ट घडली. ती सांगितल्यावाचून ही हकीकत प्रामाणिक होणार नाही.

वस्तीतील एका तरुणास क्षयाची बाधा निघाली. चोवीस-पंचवीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. क्षयाची औषधे सहा महिने एक दिवसही न चुकता घ्यावी लागतात हे आम्ही त्यास समजावून सांगितले, आणि तो दोन महिने नियमाने घेतही होता. खोकला थांबला, अंगावर मांस चढले. नंतर दोन आठवडे तो दिसला नाही. आमची तळमळ खरी होती, म्हणूनच आम्ही उतावळे झालो. एका कचेरीची जीप त्या बाजूस जाणार होती. आम्ही तिच्यात बसून, त्याचे नाव-पत्ता लिहिलेला कागद हातात घेऊन, संध्याकाळच्या वेळी वस्तीत गेलो. जीप पाहताच वस्ती रिकामी झाली. आम्ही त्याच्या नावाने हाका मारीत झोपडीझोपडीपुढून फिरलो. दुसऱ्या दिवशी समजले की, तो बायकापोरांसह रातोरात निघून गेला. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा रक्ताची गुळणी टाकीत आला. ज्या औषधांनी त्याला पहिल्यांदा गुण आला, ती आता त्यास लागू पडेनात. तो वाचला नाही.

त्याच्या बायकोने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. ती नुसते म्हणाली, “गाडी कशापायी आणलासा?” ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजपर्यंत शोधीत आहो.

त्यानंतर आम्ही दवाखाना महिनाभर बंद ठेवला, आणि ज्यांनी असे काम आमच्या आधी केले त्यांच्याकडून काही शिकता येते काय हे पाहू लागलो. दोन ठिकाणांची माहिती विशेष उपयोगी पडली. ती आपणांसही सांगावी असे वाटते.

पहिले आपल्याच महाराष्ट्रातले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ साली गडचिरोली येथे ‘सर्च’ ही संस्था काढली. माडिया-गोंड लोक रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी त्या लोकांनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. मोठी इमारत पाहून भीती वाटते. डॉक्टर पांढरे कपडे घालतात. आम्ही तर पांढऱ्या कपड्यात मुडदा गुंडाळतो. आजाऱ्याला आत नेतात आणि घरच्यांना बाहेर बसवितात. बोली समजत नाही. आणि तेथे आमचा देव कोठे आहे? ह्या उत्तरांवर हसण्याऐवजी त्यांनी ती आराखडा म्हणून वापरली. झोपड्यांच्या पाड्यासारखे रुग्णालय बांधले, नातलगांनी आजाऱ्याजवळ राहावे अशी सोय केली, आणि लोकांनीच त्यास माँ दंतेश्वरीचा दवाखाना असे नाव दिले. पुढे त्यांनी गावातल्याच बायांस नवजात बाळांची शुश्रूषा शिकविली. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे. अशा ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू दर हजारी ६२ होते ते थोड्याच वर्षांत २५.५ वर आले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकाने ती हकीकत जगापुढे ठेविली. फार शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून जे होत नव्हते, ते थोड्या शिकलेल्या शेजारणीच्या हातून झाले. ती वस्तीत आली असता कोणी पळून जात नसे, हे त्याचे एक कारण असावे असे आम्हांस वाटते. लॅन्सेटवाल्यांनी ते कोणत्या शब्दांत मांडले असते कोण जाणे.

दुसरे ठिकाण दूरचे आहे, पण आपल्या शहरी प्रश्नास अधिक जवळचे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात रेडफर्न नावाचा मोहल्ला आहे; त्या काळी तो गरीब होता. तेथील मूळ रहिवासी, ज्यांची जमीन गोऱ्या लोकांनी घेतली, ते कामाच्या शोधात शहरात येऊन तेथे दाटीवाटीने राहत. रुग्णालयांत अपमान होई म्हणून ते दुखणे अंगावर काढीत. १९७१ साली ह्या लोकांनी स्वतःच एका दुकानवजा जागेत दवाखाना उघडला. गोरे डॉक्टर मदतीस आले. नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज त्यांतले एक. परंतु डॉक्टर पगारी किंवा स्वयंसेवक, आणि मालक मात्र वस्ती. कारभारी मंडळ मूळ रहिवाशांनी आपल्यातून निवडावयाचे, असा तेथील नियम. त्या देशात असा हा पहिलाच दवाखाना होता. आज तेथे त्याच पद्धतीच्या सव्वाशेहून अधिक संस्था चालतात.

त्या दवाखान्याचा कारभार सुमारे चार दशके नेओमी मेयर्स नावाच्या बाईंनी पाहिला. त्या त्याच समाजातल्या. पूर्वी परिचारिकेचे काम केलेल्या, आणि तरुणपणी ‘सफायर्स’ नावाच्या गाणाऱ्या मेळ्यात गाणाऱ्या. डॉक्टर येत होते, जात होते. सरकारे बदलत होती. बाई जागेवर होत्या. मुख्याधिकारी हा वैद्यच असला पाहिजे ही आमची जी पक्की समजूत होती, ती ह्या बाईंच्या चरित्राने हलविली.

आणि ज्या कारणाने ही गोष्ट ह्या सभागृहात सांगावीशी वाटते ते असे. तो दवाखाना उभारणाऱ्यांत शर्ली स्मिथ ह्या होत्या. सर्व रेडफर्न त्यांस ‘मम शर्ल’, म्हणजे शर्लआई, म्हणे. त्या कॅथलिक होत्या. लिहितावाचता येत नसे, फेफऱ्याचा आजार होता. भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्यास भेटू लागल्या आणि मग ज्यांस कोणी भेटावयास येत नाही अशा इतर कैद्यांसही भेटू लागल्या. तुझे त्याचे नाते काय, असे पहारेकऱ्यांनी विचारले की, “मी त्याची आई,” असे सांगत. त्याच १९७१ साली फादर टेड केनेडी हे रेडफर्नच्या पॅरिशमध्ये आले. त्यांनी फादरांच्या निवासाची दारे ह्या लोकांस उघडी केली. घरात घाण होते, चोऱ्या होतात, दारुडे येतात म्हणून तक्रारी झाल्या. ते सुमारे तीस वर्षे तेथेच राहिले. दवाखाना मात्र ना त्यांच्या नावाचा होता, ना चर्चच्या. दार उघडणे आणि मालक होणे ह्या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या ठेविल्या.

हे सर्व वाचून आम्ही आमचा खाटला उचलला आणि वस्तीत नेला. तेथील समाजमंदिराच्या पडवीत, संध्याकाळी सात वाजता, म्हणजे बाया भंगार विकून परतल्यावर. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली वस्तीतीलच एक मुलगी आमच्याबरोबर बसू लागली. तिची बोली गुजरातीच्या वळणाची. आजारी माणूस आपले दुखणे मराठीत दोन शब्दांत सांगतो आणि तिला मात्र अर्धा तास सांगतो, हे आम्ही प्रथमच पाहिले. वही तिच्याकडे गेली. तिने पहिल्याच आठवड्यात बापाच्या नावाचा आणि ‘कोठून आला’ हा, असे दोन रकाने खोडून टाकले. प्रत्येकाचा कागद त्याच्याच हाती राहू लागला. क्षयाची औषधे ती स्वतः घरोघर, चालत, पाण्याची घागर आणावयास निघाल्यासारखी जाऊन देते. ती काम पाहू लागल्यापासून क्षयाचा एकही रोगी अर्ध्यावर सुटलेला नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. वस्तीतील पाच बायांचे मंडळ झाले. सरकारच्या शहरी आरोग्य अभियानात पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे, तिचाच नमुना आम्ही घेतला. मंडळाचा पहिला ठराव असा की, औषधाला पाच रुपये घ्यावे. आम्ही कडाडून विरोध केला. गरिबांकडून पैसे? त्या म्हणाल्या, फुकट देणारा पुढे काहीतरी मागतो. ठराव झाला, आणि गर्दी कमी होण्याऐवजी वाढली. दुसरा ठराव झाला तो औषधांविषयी नव्हताच, नळाविषयी होता. महापालिकेत सात हेलपाटे घातल्यावर नळ आला. त्या उन्हाळ्यात लेकरांच्या हगवणीची औषधे आम्ही जेवढी आणून ठेविली होती, त्यांतली बरीचशी उरली. तिसऱ्या बाबतीत मात्र मंडळ आणि आम्ही दोघेही हरलो आहो. वस्तीतील एका भावकीचे त्या मुलीच्या भावकीशी जुने वैर आहे. तिच्या हातून औषध घेण्यास ते लोक येत नाहीत. त्यांच्याकरिता सिस्टर अजून वेगळ्या वारी जातात.

आणखी एक गोष्ट औषधाच्या बाटलीत बसत नाही. रुग्णालयातील सवलत असो, शिष्यवृत्ती असो, जमातीचा दाखला लागतो. आणि त्याकरिता १९५० च्या पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांस त्या काळी एका जागी घर करून राहू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवंडांकडे घराचा कागद असणार कोठून? मंडळातील एका बाईस ह्यावर युक्ती सुचली. जुन्या पोलीस दप्तरात आजोबाची हजेरी असेल, तोच पुरावा काढावयाचा! त्या हजेरीच्या नोंदीकरिता दोन कुटुंबांचे अर्ज आज कचेरीत पडून आहेत. आपणांपैकी जे वकील मंडळी येथे आहेत, त्यांनी सभेनंतर थोडा वेळ थांबावे अशी विनंती आहे.

आता मुख्य प्रश्न. महोत्सवाचे स्मारक म्हणून दवाखान्याची पक्की इमारत बांधावी असे समितीने ठरविले, पैसाही जमा होत आहे, आणि ह्याबद्दल आम्ही आपणा सर्वांचे मनःपूर्वक ऋणी आहो. परंतु घटनेचा जो मसुदा छापून वाटला आहे, त्यात नऊ जणांच्या कार्यकारी मंडळात वस्तीचे दोन प्रतिनिधी, ‘सल्लागार’ म्हणून, असे लिहिले आहे. अध्यक्षस्थानी आमचे नाव सुचविले आहे. हा मान मोठा आहे, आणि तो नाकारताना मनास काहीच होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ह्या खाटल्यावर आम्ही पुष्कळ वर्षे घातली आहेत. तरीही आमची सूचना अशी आहे की, नवांपैकी पाच जागा वस्तीने निवडून दिलेल्यांस असाव्या, त्यांस मत असावे, आणि अध्यक्ष त्या पाचांतून व्हावा. आम्ही डॉक्टर म्हणून, ते ठेवतील तोवर, काम करू.

ह्यावर दोन आक्षेप आमच्या कानी आले आहेत. पहिला, पैशाचा हिशेब त्यांस ठेवता येईल काय? पाच-पाच रुपयांचा जो हिशेब त्या मुलीने ठेविला आहे तो पाहावयास मिळेल. आमच्या पूर्वीच्या वहीत औषधांच्या खात्यात दोन ठिकाणी चूक निघाली होती, तीही तिनेच दाखविली. दुसरा आक्षेप असा की, उद्या त्यांनी आपल्यालाच नको म्हटले तर? ह्यास आमच्याजवळ उत्तर नाही. म्हणू शकतील. रेडफर्नमध्येही गोऱ्या हितचिंतकांस हे भय होते असे दिसते.

देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दर्शनी भिंतीवर असावी अशीही एक सूचना आहे. मंडळातील बायांस विचारले. पाटी लावण्यास त्यांची हरकत नाही. परंतु लिहिलेल्या नावांची मोठी पाटी दारातच पाहून बाहेरगावाहून आलेला पाहुणा बिचकेल, म्हणून ती आत, पाण्याच्या माठाजवळ असावी असे त्यांचे म्हणणे पडले. देणगीदारांनी कृपा करून राग मानू नये.

इमारतीचे तोंड कोणीकडे असावे, हे त्या बायांनी परवा संध्याकाळी काठीने जमिनीवर रेघ ओढून आम्हांस दाखविले. कागदावर ते रस्त्याकडे आहे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांस दिसावे असे. रेघेप्रमाणे ते झोपड्यांकडे आहे, आणि मागल्या बाजूस उसाच्या मळ्याकडे एक लहान दार आहे. ते कशाकरिता, असे आम्ही विचारले नाही. आराखडा काढणाऱ्या गृहस्थांनी नवा कागद करून दिला आहे; तो आणि घटनेचा मसुदा असे दोन्ही येत्या रविवारी मिस्सेनंतर येथेच टेबलावर ठेवण्यात येतील, आणि त्याच बैठकीत मते घेतली जातील. वस्तीतून पाच जणी येणार आहेत. त्यांस पुढच्या रांगेत बसण्यास जागा असावी.